सरपंच झालात, आता पुढे काय? गुलाल धुतल्यानंतरचे पहिले सहा महिने

धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा तालुक्यात सोनारी नावाचं गाव आहे. काळभैरवनाथाचं ठाणं म्हणून ते पंचक्रोशीत ओळखलं जातं. चैत्रात इथे मोठी यात्रा भरते आणि गावाच्या कित्येक पट माणसं गावात येतात. परिसरात साखर कारखाना आहे, त्यामुळे गाळप हंगामात उसाच्या गाड्यांची वर्दळ असते. म्हणजे भाविक, ऊसतोड मजूर, शेतकरी आणि दुकानदार या सगळ्यांचा भार एका ग्रामपंचायतीवर.

आता कल्पना करा, अशा गावात नवा सरपंच निवडून आला. निकालाच्या दिवशी गुलाल उधळला, हलगी वाजली, रात्री उशिरापर्यंत स्टेटस पडत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता दारात पहिला माणूस उभा असतो. त्याच्या गल्लीत चार दिवस पाणी आलेलं नाही.

इथूनच खरा प्रश्न सुरू होतो. निवडणूक कशी जिंकायची हे सांगणारे गावात पन्नास जण असतात. जिंकल्यावर खुर्चीत बसून काम कसं सुरू करायचं हे सांगणारा मात्र क्वचितच सापडतो. आणि बऱ्याच गावांची पाच वर्षं पुढे कशी जाणार, हे पहिल्या सहा महिन्यांतच ठरून जातं.

हा विषय आत्ताच का?

महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. त्यातल्या १४ हजारांहून जास्त ग्रामपंचायतींसाठी १५ जानेवारी २०२१ रोजी एकाच दिवशी मतदान झालं होतं. पाच वर्षांचा हिशेब केला तर त्यांची मुदत २०२६ च्या सुरुवातीलाच संपते. सरपंचपदांची २०२५ ते २०३० या काळासाठीची आरक्षण सोडतही २०२५ मध्येच निघाली.

म्हणजे राज्यातल्या निम्म्या गावांत खुर्ची बदलण्याचा हा काळ आहे. यात एक मोठा फरकही आहे. २०२१ मध्ये निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातून सरपंच निवडला होता. आता सरपंच थेट जनतेतून निवडला जातो.

ही थेट निवड येते-जाते, हेही लक्षात घ्या. २०१७ मध्ये देवेंद्र फडणवीस सरकारने ती आणली. २०२० मध्ये महाविकास आघाडी सरकारने रद्द केली. २०२२ मध्ये शिंदे-फडणवीस सरकारने पुन्हा लागू केली. त्यामुळे गावातल्या जुन्या जाणत्यांचा अनुभवही नव्या सरपंचाला जसाच्या तसा उपयोगी पडेल असं नाही.

त्यातच आरक्षण दर वेळी फिरतं. आज जे पद सर्वसाधारण महिलेसाठी आहे, ते पुढच्या वेळी दुसऱ्याच प्रवर्गाकडे जाऊ शकतं. प्रतिनिधित्वासाठी हे गरजेचं आहे. पण त्याचा एक परिणाम असा की बहुतेक सरपंच पहिल्यांदाच सरपंच झालेले असतात आणि शिकून तयार होईपर्यंत मुदत संपत आलेली असते.

पहिल्या आठवड्यात नेमकं काय हातात येतं?

लोकांना वाटतं, खुर्ची मिळाली म्हणजे तिजोरीची चावी मिळाली. प्रत्यक्षात हातात येतं ते दप्तर.

ग्रामपंचायतीचा सगळा कारभार ठरावीक नमुन्यांच्या नोंदवह्यांत असतो. नमुना १ म्हणजे अंदाजपत्रक. नमुना ५ म्हणजे रोजच्या जमा-खर्चाची रोकडवही. नमुना ८ मध्ये गावातल्या घरांची कर आकारणी असते, तर नमुना ९ मध्ये कुणाकडून किती कर येणं आहे आणि किती आला याची नोंद. हे चार नमुने शांतपणे वाचले तरी गावाची आर्थिक कुंडली समोर येते. घरपट्टी कोण भरत नाही आणि दहा वर्षांपूर्वी स्लॅब पडलेलं कुणाचं घर अजून कागदावर पत्र्याचंच आहे, हे कळतं.

म्हणूनच अनुभवी लोक नव्या सरपंचाला एकच गोष्ट बजावतात. मोघम शब्दावर पदभार घेऊ नका, यादी करून घ्या. बँक खात्यांवरची शिल्लक, अर्धवट कामं, ठेकेदारांची थकलेली बिलं, पाणीपुरवठ्याचं वीजबिल, लेखापरीक्षणातले न मिटलेले आक्षेप. हे पहिल्याच महिन्यात कागदावर आलं नाही, तर दोन वर्षांनी जुन्या घोळाचं उत्तर नव्या सरपंचाला द्यावं लागतं.

दुसरी गोष्ट डिजिटल सहीची. वित्त आयोगाच्या निधीतून होणारी देयकं आता चेकने होत नाहीत. ती ई-ग्रामस्वराज या प्रणालीतून जातात आणि त्यासाठी सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी या दोघांच्याही डिजिटल सह्या लागतात. नव्या सरपंचाची सही नोंदवली जाईपर्यंत या निधीतलं एकही बिल निघत नाही. गावात चर्चा मात्र होते की ‘नव्याला काम जमेना’. खरं कारण एका छोट्याशा पेनड्राइव्हमध्ये अडकलेलं असतं.

यातला अवघड भाग पुढे आहे. डिजिटल सहीचं ते साधन कुणाच्या खिशात राहतं? अनेक ठिकाणी ते ऑपरेटरकडे किंवा घरातल्या दुसऱ्याच माणसाकडे असतं. सही सरपंचाची, बटण दाबणारा बोट वेगळ्याच माणसाचं. उद्या चौकशी लागली तर कागदावर नाव सरपंचाचंच निघतं.

पैसा आहे, पण मोकळा किती?

प्रचारात कमान, सभागृह, पेव्हर ब्लॉक, व्यायामशाळा अशी आश्वासनं दिलेली असतात. खुर्चीत बसल्यावर कळतं की आलेल्या पैशांतला बराचसा आधीच वाटून दिलेला आहे.

पंधराव्या वित्त आयोगाचंच पाहा. २०२१-२२ पासून त्याच्या निधीतला ६० टक्के वाटा बंधित होता, म्हणजे तो पिण्याचं पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा. उरलेल्या ४० टक्क्यांतून गावाला आपल्या गरजेची कामं घेता येत होती, पण त्यातून पगार देता येत नव्हते. शिवाय निवडून आलेली बॉडीच नसेल तर हा निधी अडतो. निवडणुका लांबल्या की गावाचा तोटा होतो तो असा.

ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नाचंही तसंच आहे. त्यातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावे लागतात. उरलेल्यातून कर्मचाऱ्यांचा पगार, दिवाबत्ती आणि पाण्याच्या मोटारीचं बिल भागवायचं.

मग मोकळा हात कुठे मिळतो? करवसुलीत. म्हणून घरपट्टीची वसुली ही नव्या सरपंचाची खरी परीक्षा ठरते. मतं मागताना ज्यांच्या पाया पडलं, त्यांनाच तीन महिन्यांनी थकबाकीची नोटीस कशी द्यायची? बरेच जण हे टाळतात. टाळलं की पाण्याचं बिल थकतं, मोटार बंद पडते आणि लोक पुन्हा सरपंचाच्याच दारात येतात.

सोनारीसारख्या गावाला इथे एक संधी असते. देवस्थान आणि यात्रा म्हणजे दुकानं, पार्किंग, बाजार. जवळपासचा उद्योग म्हणजे कर आकारणीचा विषय. पण कोणती मिळकत कुणाच्या हद्दीत येते, आकारणी कधी झाली होती आणि कोणत्या दराने, हे दप्तर उघडल्याशिवाय कळत नाही. म्हणजे गाडी पुन्हा नमुना ८ वरच येते.

थेट सरपंच, पण सदस्य दुसऱ्या पॅनलचे. मग काय?

थेट निवडीमुळे एक नवाच पेच तयार झाला आहे. सरपंच एका पॅनलचा आणि सदस्यांचं बहुमत दुसऱ्या पॅनलचं, असा निकाल अनेक गावांत लागतो. सरपंचाला वाटतं, आपल्याला सगळ्या गावाने निवडलंय. सदस्यांना वाटतं, ठराव तर आम्हीच मंजूर करणार.

कायद्याने सरपंचाला इथे थोडं संरक्षण दिलं आहे. थेट निवडून आलेल्या सरपंचाविरुद्ध पहिली दोन वर्षं अविश्वास ठराव आणता येत नाही. मुदत संपण्याआधीच्या सहा महिन्यांतही आणता येत नाही. मधल्या काळात आणला, तर तीन चतुर्थांश सदस्यांचा पाठिंबा लागतो. त्यानंतरही विशेष ग्रामसभेत गुप्त मतदानाने गावाने त्यावर शिक्कामोर्तब करावं लागतं.

पण खुर्ची सुरक्षित असली म्हणजे काम सुरू होतंच असं नाही. बहुमत विरोधात असेल तर मासिक सभेत विषय तहकूब होत राहतात. अशा वेळी पहिले दोन महिने सूड घेण्यात घालवणारा सरपंच पाच वर्षं सभागृहातच अडकतो. जो विरोधी सदस्याच्या वॉर्डातलं गटार आधी दुरुस्त करून देतो, त्याचा पुढचा ठराव सहसा अडत नाही. हा काही साधुपणा नाही, साधा व्यवहार आहे. गावात कुणी कायमचा विरोधक नसतो. लग्नाच्या पंगतीत सगळे शेजारीच बसतात.

दुसरी जोडी ग्रामपंचायत अधिकाऱ्यासोबतची. ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदं एकत्र करून २०२४ मध्ये हे नवं पदनाम आलं. नियम, ठराव आणि इतिवृत्त त्यांना माहीत असतं. गावाची नस सरपंचाला माहीत असते. ग्रामनिधीचं खातंही दोघांच्या संयुक्त सहीने चालतं. इथे दोन टोकं धोकादायक ठरतात. एक, ‘तो आपला नोकर’ म्हणून अधिकाऱ्याला झापणं. दोन, ‘भाऊसाहेब म्हणतील तसं’ म्हणत न वाचता सही करणं. दुसरं टोक जास्त महागात पडतं.

पहिलं काम कोणतं घ्यायचं?

नेतृत्वाच्या बदलावर जगभर बरंच लिहिलं गेलंय. अभ्यासक मायकल वॉटकिन्स यांचं ‘द फर्स्ट नाइन्टी डेज’ हे २००३ मध्ये आलेलं पुस्तक कंपन्यांमध्ये आजही वाचलं जातं. त्यांचा एक मुद्दा गावालाही लागू पडतो. नव्या माणसाने आधी परिस्थिती नीट समजून घ्यावी आणि मग लवकर पूर्ण होईल, लोकांना दिसेल असं एखादं काम करून दाखवावं. त्यातून विश्वास तयार होतो आणि त्या विश्वासावर पुढची अवघड कामं करता येतात.

याचं मराठी उदाहरण नगर तालुक्यातलं हिवरे बाजार. पोपटराव पवार १९८९ च्या सुमारास सरपंच झाले, तेव्हा गाव दुष्काळ, दारू आणि भांडणांनी पोखरलेलं होतं. एम.कॉम. झालेला, क्रिकेट खेळणारा तरुण म्हणून गावाने त्यांना पुढे केलं. आज हिवरे बाजार म्हटलं की पाण्याचा ताळेबंद आठवतो, ऊस आणि केळीवरची बंदी आठवते, सिंचनाच्या बोअरवेलला दिलेला नकार आठवतो. पण हे सगळं पहिल्या दिवशी झालेलं नाही.

सुरुवातीला भर होता तो शाळा आणि दारूबंदी अशा, घराघराला भिडणाऱ्या गोष्टींवर. पाणलोटाचं मोठं काम आदर्श गाव योजनेतून १९९४ नंतर आकाराला आलं. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान हे नियम लोकांनी पाळले, कारण तोवर सरपंचाच्या शब्दाला वजन आलेलं होतं. पुढे दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांची संख्या १९९५ मधल्या १६८ वरून २०१० च्या सुमारास ३ वर आली. पोपटरावांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. सुरुवात आणि पद्मश्री यांच्यामध्ये तीस वर्षं आहेत, हे रील पाहताना सुटून जातं.

सोनारीसारख्या गावात पहिलं काम कॅलेंडरच ठरवतं. सरपंच जानेवारीत आला असेल तर पहिली परीक्षा चैत्राची यात्रा. पाण्याचे टँकर, तात्पुरती शौचालयं, रस्त्यावरचे दिवे, कचरा, गाड्यांची सोय. मंदिराची व्यवस्था पाहणारे, पोलीस, महसूल, आरोग्य विभाग आणि एसटी या सगळ्यांशी आधी बोलावं लागतं. यात्रा नीट पार पडली तर गावाला, पाहुण्यांना आणि अधिकाऱ्यांनाही एकाच वेळी संदेश जातो की हा माणूस काम करतो. त्यासाठी आधी कामाला लागावं लागतं, पाडव्याला जाग येऊन उपयोग नसतो.

आणखी एक गोष्ट कॅलेंडरमध्ये दडलेली आहे. बालाघाटच्या पट्ट्यातली कित्येक कुटुंबं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. म्हणजे २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ती नसतात. त्या दिवशी घरकुलाची यादी वाचून मंजूर झाली, तर ज्याला घराची सर्वांत जास्त गरज आहे तोच सभेला नसतो. ग्रामसभा वर्षातून किमान चार व्हाव्यात असं कायदा सांगतो. त्यातली महत्त्वाची सभा कोयता घरी परतल्यावर घेणं हे कोणत्याही प्रशिक्षणात शिकवलं जात नाही. ते सरपंचालाच सुचावं लागतं.

खुर्ची बाईंची, कारभार कुणाचा?

महाराष्ट्रात २०११ पासून पंचायत राज संस्थांमध्ये महिलांना ५० टक्के आरक्षण आहे. म्हणजे नव्या सरपंचांमध्ये किमान निम्म्या महिला. पण अनेक गावांत फलकावर नाव बाईंचं आणि फोन नंबर नवऱ्याचा, हे चित्र अजून गेलेलं नाही. ‘सरपंच पती’ या प्रकारावर उपाय सुचवण्यासाठी केंद्रीय पंचायतराज मंत्रालयाने समिती नेमली होती. २०२५ मध्ये आलेल्या अहवालात तिने कडक दंडाची शिफारस केली.

पण प्रश्न फक्त घरातून येत नाही, गावातूनही येतो. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडा गावचं प्रकरण यासाठी लक्षात ठेवायला हवं. तिथल्या महिला सरपंच सरकारी जागेवरच्या घरात सासूसोबत राहतात, अशी तक्रार झाली. आपण वेगळ्या भाड्याच्या घरात राहतो, असं त्यांचं म्हणणं होतं. तरी जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांना अपात्र ठरवलं. विभागीय आयुक्तांनी आणि उच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये अपात्रता रद्द केली. एक महिला आपली सरपंच आहे आणि तिच्या निर्णयाप्रमाणे वागावं लागेल, हे काही गावकऱ्यांच्या पचनी पडलं नाही, अशा आशयाचं निरीक्षण न्यायालयाने नोंदवलं.

बाई खरोखर कारभार करतात तेव्हा काय होतं? एस्थर डुफ्लो आणि राघवेंद्र चट्टोपाध्याय यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायतींचा अभ्यास करून २००४ मध्ये निष्कर्ष मांडले. महिलांसाठी राखीव असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च केल्याचं त्यांना दिसलं. पाणी कोण भरतं, याचा अंदाज घेतला तर कारण सांगायला अभ्यासक लागत नाही. डुफ्लो यांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

नव्या महिला सरपंचासाठी पहिल्या महिन्यातल्या तीन गोष्टी निर्णायक ठरतात. मोबाइल नंबर स्वतःचा द्यायचा. डिजिटल सहीचं साधन स्वतःकडे ठेवायचं. आणि ग्रामसभेच्या आधी महिला सभा खरोखर घ्यायची, नुसती कागदावर नाही. महिला सभेत बसलेल्या चाळीस बाया पाठीशी असल्या, तर दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत आवाज आपोआप मोठा निघतो.

तयारीला वेळच मिळाला नाही तर?

कधी कधी संकट सहा महिने थांबत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा आणि भूम तालुक्यांनी ते अनुभवलं. कायम दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या भागात पुराने गावांना वेढा घातला. लोकांना बाहेर काढण्यासाठी एनडीआरएफ आणि हेलिकॉप्टरची मदत घ्यावी लागली. पिकं गेली, जनावरं गेली, काही ठिकाणी शेतातली मातीच वाहून गेली. पुढे राज्य सरकारने पूरग्रस्तांसाठी ३१,६२८ कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं.

पॅकेज मुंबईत जाहीर होतं, पंचनामा मात्र बांधावर होतो. तो करणारे तिघं असतात. पूर्वीचे तलाठी म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, कृषी विभागाचा कर्मचारी आणि ग्रामपंचायत अधिकारी. सरपंचाकडे यात मोठी सत्ता नसते, पण माहिती असते. कुणाचं घर पाण्यात होतं, कोण एकटी म्हातारी आहे, कुणाची जमीन वाट्याने केलेली आहे आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं आहे, हे त्यालाच ठाऊक असतं. ही नावं यादीत आणायची की आपल्या पॅनलच्याच माणसांची आणायची, इथे नव्या नेतृत्वाची किंमत कळते. पुरात झालेला दुजाभाव गाव निवडणुकीपर्यंत विसरत नाही.

दुसरं संकट माणसांचं. शेजारच्या बीड जिल्ह्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी निर्घृण हत्या झाली. पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या आड आल्यामुळे ही हत्या झाल्याचं तपास यंत्रणेने आरोपपत्रात म्हटलं. या घटनेनंतर मराठवाड्यातल्या सरपंचपदाचा अर्थच बदलला. गावात कंपनी येते, पवनचक्की येते, सोलर येतं, तेव्हा त्याच्या मागोमाग पैसा आणि दबाव दोन्ही येतात. अशा वेळी तोंडी व्यवहार टाळणं, प्रत्येक गोष्ट ठरावात आणि लेखी ठेवणं, धमकी आली तर ती लगेच पोलिसांत नोंदवणं हे गरजेचं आहे. सरपंचाने सगळं एकट्याने अंगावर घेऊ नये. गाव सोबत असेल तर दबाव आणणाऱ्यालाही दोनदा विचार करावा लागतो.

पद कशाकशाने जाऊ शकतं?

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ हा कायदा नव्या सरपंचाने निदान एकदा चाळायला हवा. कारण काही चुका अज्ञानातून होतात आणि थेट पदावर येतात.

• सबळ कारण नसताना नियमाप्रमाणे ग्रामसभा किंवा मासिक सभा न बोलावणं.
• ग्रामपंचायतीच्या कामात स्वतःचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष आर्थिक संबंध असणं. कंत्राट मुलाच्या किंवा भावाच्या नावावर देणं हा इथला नेहमीचा सापळा.
• सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण.
• ग्रामपंचायतीचा कर मागणी होऊनही मुदतीत न भरणं.
• १२ सप्टेंबर २००१ नंतर झालेल्या अपत्यामुळे अपत्यांची संख्या दोनपेक्षा जास्त होणं.
• राखीव जागेवर निवडून येऊन जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत न देणं.

यातल्या बहुतेक तक्रारी हरलेल्या पॅनलकडून येतात आणि त्या पहिल्या वर्षातच येतात. म्हणून निकालानंतर स्वतःची घरपट्टी भरून पावती फाइलला लावणं हे सर्वांत स्वस्त संरक्षण आहे.

आणि या सगळ्याचं मानधन किती? सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने ते दुप्पट केलं. आता २ हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावात महिन्याला ६ हजार, २ ते ८ हजारांच्या गावात ८ हजार आणि त्याहून मोठ्या गावात १० हजार रुपये. दिवसभर पंचायत समितीच्या चकरा मारणाऱ्या माणसाचं पेट्रोलही यात भागत नाही. प्रामाणिक सरपंचाला घरचं खाऊन गावचं करावं लागतं आणि गैरव्यवहाराची पहिली फट इथेच पडते.

जुन्या सरपंचाचं काय करायचं?

नवा आला की जुन्याची प्रत्येक गोष्ट मोडायची, हा गावोगावचा रिवाज. त्याने लावलेली झाडं वाळतात, त्याने सुरू केलेलं वाचनालय बंद पडतं, फलक बदलतात.

छत्रपती संभाजीनगरजवळचं पाटोदा इथे विचार करायला लावतं. भास्करराव पेरे पाटील यांच्या काळात हे गाव आदर्श म्हणून देशभर गाजलं. कर भरणाऱ्यांना मोफत दळण, गरम पाणी अशा कल्पनांनी तिथली करवसुली चर्चेत आली. पण जानेवारी २०२१ च्या निवडणुकीत पेरे पाटील स्वतः उभे नव्हते आणि त्यांच्या मुलीचा पराभव झाला. निकाल सोशल मीडियावर खूप फिरला. काहींनी हळहळ व्यक्त केली, काहींनी टोमणे मारले.

त्या निकालाकडे दुसऱ्या बाजूनेही पाहता येतं. चांगलं काम केलेल्या माणसाच्या घरातच सत्ता राहावी, असं गावाला वाटलं नाही. मतदारांचा तो हक्कच आहे. अशा वेळी गिरणी आणि नळ चालू राहणार का, हे नव्यांच्या हातात असतं. आधीच्याचं चांगलं काम त्याच्या नावासकट पुढे चालू ठेवणारा सरपंच छोटा होत नाही. उलट पहिल्याच महिन्यात जुन्या सरपंचाच्या घरी जाऊन चहा घेणं आणि ‘काय राहिलं होतं तुमचं?’ एवढं विचारणं, यातून निम्मी भांडणं संपतात.

आणि गावाने काय पाहायचं?

नेतृत्व बदलतं तेव्हा जबाबदारी फक्त नव्या माणसाची नसते. सहा महिन्यांनी कुठल्याही गावकऱ्याने स्वतःच्या सरपंचाबद्दल हे प्रश्न विचारून पाहावेत.

• ग्रामसभा झाली का, आणि तिचं इतिवृत्त वाचून दाखवलं का?
• गेल्या सहा महिन्यांचा जमा-खर्च फलकावर लागला का?
• आधीची अर्धवट कामं पुढे सरकली का, की फक्त नवे नारळ फुटले?
• आपल्याला मत न देणाऱ्या वस्तीत एक तरी काम झालं का?
• सरपंच बाई असतील तर फोन त्याच उचलतात का?

पाचातल्या तीन प्रश्नांचं उत्तर ‘हो’ असेल तर गाव बऱ्या हातात आहे. सगळ्यांचं ‘नाही’ असेल तर अजून साडेचार वर्षं शिल्लक आहेत आणि पुढच्या ग्रामसभेला जाण्यासाठी कुणाच्याही परवानगीची गरज नाही. मतदार यादीत नाव असलं की झालं.

राहता राहिला तो सकाळी आठ वाजता दारात आलेला माणूस. त्याला ‘बघतो’ म्हणून परत पाठवणं सोपं असतं. पण गाडी काढून त्याच्यासोबत पाण्याच्या टाकीपर्यंत जाणारा, व्हॉल्व्ह कुठला बिघडलाय हे पाणी सोडणाऱ्याला विचारणारा आणि संध्याकाळी त्याच गल्लीत पाणी आलं का हे पाहायला परत येणारा सरपंच असेल, तर त्याने या कामाची सुरुवात बरोबर केली आहे.